उकिडवं बसता येणारा पाय

अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला जामखेड आहे. अहिल्यानगर शहरापासून सुमारे पाऊणशे किलोमीटर. बीड जिल्ह्याची हद्द तिथून जवळच. तालुका कोरडवाहू. दिवाळी आली की गाड्या भरभरून माणसं ऊसतोडीला जातात. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्यानं १९७० साली इथं ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या देशोदेशीच्या विद्यार्थ्यांना हे नाव पाठ झालं. बाळंतपणं, कुपोषण, पिण्याचं पाणी यांत जामखेडनं काय केलं यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. त्याच आवारात कृत्रिम अवयवांची कार्यशाळा आहे, तिच्याबद्दल त्या मानानं कमी. जयपूर पद्धतीचे पाय आणि पोलिओनं लुळ्या पडलेल्या पायांना लावायचे कॅलिपर तिथं तयार होतात, आणि ते करणारे हात याच भागातल्या कारागिरांचे आहेत.

पाय गमावलेल्या माणसाला नेमकं काय हवं असतं? चालता यायला हवं, असं आपण पटकन म्हणतो. पण खेड्यातल्या माणसाच्या दिवसात नुसतं चालणं किती थोडं असतं! खुरपायला बसायचं, गाईची धार काढायला बसायचं, चुलीपुढे बसून भाकरी थापायची, पंगतीत मांडी घालायची, सकाळी परसाकडेला उकिडवं बसायचं. चिखलातून, ढेकळांतून, बांधावरून जायचं, तेही अनवाणी. घरात आणि देवळात पायताण घालायची सोय नाही. परदेशी धाटणीच्या पायाला यातलं काहीच जमत नसे. त्याचा घोटा ठोकळ्यासारखा ताठ, आणि वर बूट चढवल्याशिवाय तो वापरता येत नसे. रुग्णालयातून असा पाय घेऊन गेलेली माणसं घरी गेल्यावर तो कोपऱ्यात उभा करून पुन्हा कुबड्या धरत.

ही गोष्ट १९६०च्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात दोघांच्या लक्षात आली. एक अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी, दुसरे रामचंद्र शर्मा. शर्मा हे पिढीजात कारागीर, शाळा फारशी शिकलेले नाहीत. रुग्णांना हस्तकला शिकवायला ते तिथं यायचे. सायकलचं पंक्चर काढायला थांबले असताना त्यांनी ट्रकच्या टायरवर रबर चढवण्याचं काम पाहिलं आणि तेच रबर पावलासाठी वापरायचं सुचलं, अशी हकिकत सांगतात. १९६८च्या सुमाराला जयपूर फूट आकाराला आला. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचं नाव आजही बहुतेकांना सांगता येत नाही, आणि आपल्याकडे हातानं काम करणाऱ्याच्या वाट्याला जे येतं ते पाहता त्यात नवल काही नाही.

हे पाऊल आतून बघण्यासारखं असतं. टाच आणि पुढचा चवडा स्पंज रबराचे, घोट्याच्या जागी लाकडाचा ठोकळा. या तिन्ही तुकड्यांवर टायरमध्ये असते तसली दोऱ्याची रबरी पट्टी गुंडाळतात, वरून कातडीच्या रंगाचं रबर लावतात आणि सगळं साच्यात घालून भट्टीत शिजवतात. साच्यातून निघालेल्या पावलाला बोटंसुद्धा असतात. ते पाण्यात भिजलं तरी चालतं, ढेकळावर पडलं तर कलतं, आणि घोट्यात चारी बाजूंना वळत असल्यामुळे उकिडवं बसता येतं.

पाऊल तयार मिळतं; वरची नळी मात्र प्रत्येकाला मापानं बेतावी लागते. गुडघ्याखाली पाय गेला असेल तर माणसाला बाकावर बसवून उरलेल्या पायावर, म्हणजे कारागिरांच्या बोलीत स्टंपवर, पातळ मोजा चढवतात. हाड जिथं जिथं कातडीला टेकलंय तिथं ओल्यानं उमटणाऱ्या पेन्सिलीनं खुणा करतात. मग प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळतात, आणि ते घट्ट होईपर्यंत कारागीर गुडघ्याच्या वाटीखाली दोन्ही अंगठे दाबून बसतो. वाळलेलं प्लास्टर टोपीसारखं उतरवलं की खुणा आतल्या बाजूला उतरलेल्या दिसतात. त्यात पुन्हा प्लास्टर ओतून पायाची प्रतिकृती करतात.

खरं कसब यानंतरचं. ती प्रतिकृती जशीच्या तशी वापरत नाहीत. वाटीखालचा जाड स्नायुबंध भार सोसू शकतो, म्हणून तिथलं प्लास्टर कानशीनं खरवडून कमी करायचं. नळीत तिथं दाब येतो. नडगीचं टोक आणि बाहेरच्या बाजूचं हाडाचं डोकं भार सोसत नाही, तिथं उलट प्लास्टर चढवायचं, म्हणजे नळीत पोकळी राहते. किती खरवडायचं आणि किती चढवायचं ते बोटांना कळावं लागतं. एखादा धागाभर अंदाज चुकला तर चार दिवसांत पायाला फोड येतो, आठ दिवसांत जखम होते आणि माणूस पुन्हा कुबड्यांवर. पूर्वी नळी अॅल्युमिनियमच्या पत्र्याची असे, तांबटासारखी ठोकून घडवलेली. पुढे शेतात पाण्याच्या लाइनीला वापरतात त्या जातीचा प्लास्टिकचा पाइप आला. तो भट्टीत मऊ करून प्रतिकृतीवर ओढायचा, निवू द्यायचा, खाली पाऊल स्क्रूनं जोडायचं, उभं करून उंची आणि कल बघायचा. साहित्य हाताशी असलं की गुडघ्याखालचा पाय एका दिवसात होऊ शकतो. सकाळी कुबड्या घेऊन आलेला माणूस संध्याकाळी त्या काखेत मारून चालत जातो.

जामखेडला हे रुजलं याचं कारण तिथली जमीन आधीच तयार होती. आरोळे दोघंही वेल्लोरला शिकलेले. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षं काढली आणि त्यांच्या ध्यानात आलं की बरा करून घरी पाठवलेला रोगी त्याच रोगानं परत येतो. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते जामखेडला आले. डॉक्टरला येतं त्यातलं बरंचसं गावातल्या बाईला शिकवता येतं, हा त्यांचा आग्रह. गावानं निवडलेल्या, बहुतेक निरक्षर आणि बऱ्याचशा दलित समाजातल्या बायका आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, शिकायच्या आणि गावी जाऊन शिकवायच्या. आरोळे दाम्पत्याला १९७९ साली मॅगसेसे मिळाला तो या कामासाठी.

कुष्ठरोग्यांच्या बाबतीत जामखेडनं घेतलेली भूमिका मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारलं ते समाजानं हाकललेल्यांना हक्काचं घर मिळावं म्हणून, आणि त्या काळात दुसरा मार्गही नव्हता. जामखेडनं उलट टोक धरलं. कुष्ठरोग्यांसाठी वेगळी वसाहत करायची नाही, वेगळा दवाखाना काढायचा नाही. रोग्यानं आपल्याच घरात, आपल्याच ओसरीवर राहून औषध घ्यायचं. चट्टा ओळखायचा, बधिर जागा तपासायची, पावलावरची जखम धुवायची हे काम गावातली आरोग्यसेविकाच करणार. आपल्यातली बाई बिनधास्त हात लावते हे रोज पाहिल्यावर गावाची भीती गेली. भाषणांनी जे साधत नाही ते असं साधलं. अपंगत्व समजून घेण्याचं शिक्षण इथं आधी धडधाकट माणसांना मिळालं.

आता मुलांकडे येतो, कारण कार्यशाळेचं काम जिथं संपतं तिथं शाळेचं सुरू व्हायला हवं. मोठ्या माणसाचा पाय काही वर्षं टिकतो. वाढत्या मुलाला मात्र वर्षभरात, कधी त्याच्याही आधी, तो आखूड आणि घट्ट होतो. मूल लंगडायला लागतं, कंबर तिरकी होते, मग पाय घालायचाच टाळतं. आईबाप ऊसतोडीला गेले असतील तर माप द्यायला नेणार कोण? पोलिओचं नवं मूल आता येत नाही. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण अपघात आहेत, जन्मतः अधू असलेले पाय आहेत, सेरेब्रल पाल्सी आहे.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. देशभरात हा आकडा २ कोटी ६८ लाख. त्यांच्यातले जेमतेम ५५ टक्के साक्षर. एकूण लोकसंख्येत तेव्हा हे प्रमाण ७३-७४ टक्के होतं. कायदे कमी नाहीत. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यात ते २१ झाले. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे, तेही जवळच्या साध्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जिथं त्याला हवं तिथं. महाराष्ट्रानं २०२२च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही काढला.

एवढं सगळं असून मूल अडतं ते पायरीवर. वस्तीवरच्या शाळेत बसकर पट्टीवर मांडी घालून बसायचं असतं; ते जयपूर पायानं जमतं. पण व्हरांडा तीन पायऱ्या वर, मुतारी मैदानाच्या पलीकडे, आणि दार एवढं अरुंद की चाकाची खुर्ची शिरत नाही. प्राथमिक शाळा संपली की पुढची शाळा दुसऱ्या गावात. एसटीत सवलत आहे, पण तिची पहिली पायरी मोठ्या माणसालाही गुडघा छातीला लावायला लावते. मुलगी असेल तर एवढ्यावरच तिची शाळा सुटते, आणि घरातलं कुणी तसं बोलूनही दाखवत नाही. ‘झेपत नाही तिला,’ एवढंच सांगतात. अंध किंवा कर्णबधिर मुलाची अडचण निराळी आहे, त्याला ब्रेल हवं, खुणांची भाषा येणारा शिक्षक हवा. त्यावर वेगळं लिहायला हवं. पायानं अधू असलेल्या मुलाची अडचण मात्र गवंड्यानं चार दिवसांत सोडवण्याजोगी आहे, आणि तीही सुटत नाही याचा राग येतो.

डॉ. मेबल १९९९ मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ मध्ये. त्यांची पुढची पिढी प्रकल्प चालवते आहे. जयपूरचा पाय आणि जामखेडचं काम यांमागचा विचार एकच आहे: आधी माणूस कसा बसतो-उठतो ते बघा, मग वस्तू बेता. आपल्या शाळा अजून उलटं करतात.

म्हणून वाचकांना, विशेषतः शाळा व्यवस्थापन समितीवर असलेल्या पालकांना, एक विनंती. येत्या जूनच्या आत एक टेप घेऊन शाळेत जा. उताराचा सर्वमान्य हिशेब एकास बारा आहे. व्हरांडा दीड फूट उंच असेल तर उतार अठरा फुटांचा हवा, त्याहून आखूड केलात तर तो घसरगुंडी होईल. मुतारीचं दार किमान ९० सेंटिमीटर हवं. आणि गावात कृत्रिम पाय लावणारं मूल असेल तर त्याचं नाव लिहून ठेवा, दर वर्षी माप द्यायला त्याला कोण नेणार ते ग्रामसभेत ठरवा.