कोपायलट आता अख्खं काम अंगावर घेतो

२०२१मध्ये गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळाचा कोपायलट हा एआय सहायक आला, तेव्हा तो कोडची पुढची ओळ सुचवायचा. मे २०२५मध्ये आलेला त्याचा ‘कोडिंग एजंट’ मात्र सोपवलेलं काम स्वतः करतो. समजा, एखादं अ‍ॅप ३१ फेब्रुवारी ही तारीखही बिनदिक्कत स्वीकारतं. तशी तक्रार नोंदवून एजंटकडे द्यायची. तो तात्पुरत्या, वेगळ्या ठेवलेल्या सर्व्हरवर कोड वाचतो, दुरुस्ती करतो, चाचण्या चालवतो आणि बदलांचा मसुदा पुढे ठेवतो. मूळ कोडमध्ये ते बदल तो परस्पर मिसळू शकत नाही. त्यासाठी माणूसच लागतो. मला ही मर्यादा सर्वांत मोलाची वाटते. चाचण्याही त्यानेच लिहिल्या असतील, तर त्या पास झाल्या एवढ्यावर विसंबून कसं चालेल? दुरुस्तीनंतरही लीप वर्षातली २९ फेब्रुवारी चालते का, हे आपणच तपासून बघायला हवं.