सिंथेसायझर, संगणक आणि स्वरलिपी

रायपूर आणि मराठी भाषा यांचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात आली आणि तिच्याबरोबर काही मराठी कुटुंबे या प्रदेशात स्थायिक झाली. त्यांच्या घरांतून भजन, नाट्यसंगीत आणि पेटी यांची परंपराही नांदत आली. आज समता कॉलोनीसारख्या वसाहतीतील एखाद्या घरात पेटीशेजारी सिंथेसायझर आणि टेबलावर संगणक असेल, तर वडीलधाऱ्यांना पाठ असलेल्या चाली कायमच्या टिपून ठेवाव्यात, असे घरातील तरुणाला वाटणे स्वाभाविक आहे. तो दोन्ही यंत्रांमध्ये तार जोडतो आणि तासभराचे वादन नोंदवून घेतो. नंतर ते लावून पाहावे, तर कधी काहीच ऐकू येत नाही. कधी बासरीच्या आवाजात वाजविलेली चाल पियानोच्या आवाजात उमटते. तार सदोष नसते, संगणकही बिघडलेला नसतो. त्या तारेतून नेमके काय वाहत होते, हा प्रश्न जोडणीपूर्वी विचारलेला नसतो, एवढेच.

या तारेतून दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी जाऊ शकतात. पहिली गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष आवाज. सिंथेसायझरमध्ये निर्माण झालेला स्वर विद्युत्प्रवाहाच्या चढउतारांच्या रूपाने बाहेर पडतो. संगणकाला जोडलेले उपकरण हे चढउतार ठराविक कालांतराने मोजते आणि अंकांत मांडते. संगीताच्या तबकडीसाठी रूढ झालेल्या मानाप्रमाणे ही मोजणी एका सेकंदात ४४,१०० वेळा होते. त्यामुळे डाव्या व उजव्या अशा दोन वाहिन्यांवरील एका मिनिटाच्या मुद्रणाला सुमारे एक कोटी बाइट एवढी जागा लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे वादकाच्या बोटांनी केलेल्या क्रियांची नोंद. तीत आवाज मुळीच नसतो. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढेच तीत असते. या पद्धतीला ‘मिडी’ असे नाव आहे. तिचे स्वरूप मराठी वाचकाला समजावयास कठीण जाऊ नये. कारण पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांतून मौखिक परंपरेने चालत आलेल्या शेकडो चिजा ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत लिपिबद्ध केल्या, तेव्हा त्यांनीही आवाज साठविला नव्हता. स्वराखालील बिंदू मंद्र सप्तक दाखवितो, वरील बिंदू तार सप्तक. स्वराखालील आडवी रेघ कोमल स्वर सुचविते. ही चिन्हे पुस्तकात मूकच असतात. कोणी गाणारा मिळाला, म्हणजेच त्यांतून संगीत उमटते. खैरागड येथे १९५६ साली स्थापन झालेल्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयातील विद्यार्थ्याला हा अनुभव नित्याचा आहे. मिडीची फाइल ही अशीच एक स्वरलिपी होय. ती वाचून दाखविणारे वाद्य बदलले, की आवाज बदलतो. वाचणारे वाद्यच नसेल, तर शांतता पसरते.

ही पद्धत अस्तित्वात येण्यापूर्वी वादकांची काय स्थिती होती, याचे एक उदाहरण मुंबईतच सापडते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजविणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा रागांवर आधारलेली एक तबकडी तयार केली. तिच्यासाठी त्यांनी रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रे वापरली : ज्युपिटर ८ हा सिंथेसायझर, खर्जाचे स्वर देणारे टी. बी. ३०३ आणि तालवाद्यांचे काम करणारे टी. आर. ८०८. यांपैकी शेवटची दोन यंत्रे पाच पिनांच्या तारेने परस्परांना जोडता येत असत. पण ती तार केवळ लयीचे ठोके पोचवीत असे. ‘केव्हा’ ते तिला सांगता येई; ‘कोणता स्वर’ ते मात्र सांगता येत नसे. त्या काळी ही तबकडी फारशी कोणाच्या लक्षात आली नाही; २०१० साली ती पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा मात्र तिने जगभरच्या श्रोत्यांचे लक्ष वेधून घेतले.

पुढच्याच वर्षी ही अडचण दूर झाली. रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतील सिक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने निरनिराळ्या कंपन्यांनी एक सामाईक भाषा मान्य केली. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील एका प्रदर्शनात या दोन कंपन्यांचे सिंथेसायझर प्रथमच एकमेकांना जोडून दाखविण्यात आले. एकाची पट्टी दाबताच दुसरा वाजू लागला.

या भाषेतील वाक्ये अत्यंत लहान असतात. एक पट्टी दाबली, की तीन अंक धावतात. पहिला अंक ‘स्वर सुरू’ ही आज्ञा व सोळांपैकी वाहिनीचा क्रमांक सांगतो. दुसरा पट्टीचा क्रमांक आणि तिसरा आघाताचा जोर सांगतो. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक असून मधल्या सप्तकातील पांढरी एक ही साठावी असते. जोर मोजण्याची युक्तीही साधी आहे : पट्टी खाली जाताना दोन स्पर्शबिंदू ओलांडते, आणि त्यांमध्ये जितका कमी वेळ लागेल तितका आघात जोराचा मानला जातो. मूळ मिडी तारेतून एका सेकंदास ३१,२५० द्विमान अंक जातात. त्यामुळे असे एक वाक्य पोचावयास सेकंदाचा हजारावा भागही पुरतो.

आता प्रत्यक्ष जोडणीकडे वळू. वाद्याच्या मागे पाच पिनांच्या खोबणी असतील, तर वाद्याचे ‘आउट’ मधल्या उपकरणाच्या ‘इन’मध्ये जावे लागते. ‘आउट’ला ‘आउट’ जोडल्यास काहीच घडत नाही. नव्या वाद्यांवर बहुधा चौकोनी यूएसबी खोबण असते आणि तिची एकच तार दोन्ही दिशांनी काम करते. परंतु बहुतेक वाद्यांत या तारेतून केवळ आज्ञा जातात, आवाज जात नाही. प्रत्यक्ष आवाज हवा असेल, तर वाद्याच्या डाव्या व उजव्या ‘लाइन आउट’मधून दोन तारा ऑडिओ इंटरफेसच्या ‘लाइन इन’मध्ये न्याव्या लागतात. संगणकाच्या मायक्रोफोनच्या खोबणीत त्या घालू नयेत. ती खोबण अतिशय क्षीण प्रवाहासाठी केलेली असते; वाद्याचा सशक्त प्रवाह तीत शिरला, की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज मागाहून सांधता येत नाही.

संगणक आवाजाचे अंक गठ्ठ्यागठ्ठ्यांनी हाताळतो. गठ्ठा १,०२४ मोजण्यांचा असेल, तर एकट्या त्यामुळेच सेकंदाच्या सुमारे तेवीस सहस्रांश भागाचा विलंब होतो आणि बोट व स्वर यांची फारकत वादकाला जाणवू लागते. गठ्ठा २५६चा केल्यास हा विलंब सहा सहस्रांशांच्या आत येतो. प्रत्येक स्वर दुहेरी ऐकू येत असेल, तर वाद्य स्वतः वाजून शिवाय संगणकाकडून परतलेल्या आज्ञेनेही वाजत आहे, असे समजावे. वाद्यातील ‘लोकल’ ही सोय बंद करताच हा दोष जातो.

यानंतर उरतो तो आपल्या संगीताचा खास प्रश्न. बारा ठाम पट्ट्यांत मींड आणि श्रुती कशा बसवाव्यात, हा वाद पेटीइतकाच जुना आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला. याच अडचणीतून श्रुतिपेटीचे प्रयोग झाले, आणि आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला मज्जाव केला, त्यामागेही हीच तक्रार होती. सिंथेसायझरवर स्वर वाकविणारे चाक असते आणि मिडी त्याची नोंद १६,३८४ पायऱ्यांत ठेवू शकते. भातखंडे यांनी मींडेसाठी स्वरांवर एक कमान काढली. येथे त्या कमानीचा संपूर्ण मार्ग लिहिला जातो. मात्र हे वाकविणे संपूर्ण वाहिनीला लागू होते. म्हणून आधाराचा षड्ज वेगळ्या वाहिनीवर ठेवणे आवश्यक ठरते. नाहीतर कोमल गंधाराबरोबर षड्जही डोलू लागतो. २०२० साली मान्य झालेल्या मिडीच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वाकविण्याची सोय आहे.

दुसरा धोका सुधारणेच्या मोहाचा आहे. मागेपुढे पडलेले स्वर मात्रेच्या रेषेवर आणून बसविण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. शिकाऊ वादकाला ती उपकारक वाटते. पण जाणता वादक समेच्या किंचित मागे राहून जे सौंदर्य साधतो, तेही तीत चूक म्हणून पुसले जाते.

म्हणूनच शक्य असेल तेथे एकाच वादनाची दोन्ही मुद्रणे घ्यावीत : एका तारेने आज्ञांचे, दुसऱ्या तारांनी आवाजाचे. आज्ञांची फाइल इतकी लहान असते, की तिच्या जागेचा विचारच करण्याचे कारण नाही. तीत चुकलेला स्वर दुरुस्त करता येतो, पट्टी बदलता येते, शिकणाऱ्यासाठी लय संथ करता येते. आवाजाच्या मुद्रणात यांतले फारच थोडे जमते. पण त्या दिवशी, त्या वाद्यावर, त्या हातांनी जे घडले ते त्यात राहते. भातखंडे यांच्या पुस्तकांनी चिजा वाचविल्या. ज्यांच्याकडून त्या मिळाल्या त्या गायकांपैकी अनेकांचे कंठ मात्र ऐकावयास उरले नाहीत. घरातील वृद्ध वादकाची चाल टिपून घेताना आज ही निवड करण्याची वेळ कोणावर येऊ नये, एवढे सामर्थ्य टेबलावरील संगणकात निश्चित आहे.