मुबारिझखान, सुभेदार हैद्राबाद

जालन्याचा भुईकोट निजामुल्मुल्काच्या हुकुमावरून काबिलखानानें इ. स. १७२५ त बांधला, हें सर्वश्रुत आहे. परंतु असे हुकूम सोडण्याचें सामर्थ्य निजामास ज्या लढाईनें आलें, ती आदल्याच वर्षीं जालन्याच्या ईशान्येस साखरखेर्डें येथें, म्हणजे आजच्या बुलढाणा जिल्ह्यांत, झाली. तींत पडलेल्या सुभेदाराची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं.

मुबारिझखानाचें मूळ नांव ख्वाजा महंमद, घराणें बल्खकडील. इनायतुल्लाखान काश्मिरीचा जावई झाल्यानें दरबारीं त्याचा शिरकाव झाला. फर्रुखसियराच्या अमदानींत हैद्राबादचा सुभा मिळाल्यावर तो तेथें जवळजवळ एक तप टिकला. बादशाही सुभेदार वरचेवर बदलत, हें ध्यानीं घेतां ही मुदत असाधारणच होय. त्यानें बंडखोर जमीनदार मोडले, मोक्याच्या जागीं मुलगे व आप्त नेमले. दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा बाळाजी विश्वनाथानें १७१९ त आणल्या. परंतु आपल्या सुभ्यांत ती वसुली सुखासुखीं होऊं देण्यास हा गृहस्थ राजी नसे. पेशवा बाजीराव पुढें निजामाच्या बाजूस कां राहिला, याचा उलगडा आमच्या मतें येथेंच होतो.

१७२० त निजामानें खांडवा व बाळापूर येथें सय्यदबंधूंच्या पक्षाचा मोड केला, तेव्हां मुबारिझखान त्यास अनुकूल झाला होता. पुढें निजाम दिल्लीस वजीर झाला आणि दरबाराशीं बिनसल्यावर दक्षिणेकडे परतूं लागला. तेव्हां बादशहा महंमदशहानें दक्षिणेची सुभेदारी मुबारिझखानास देऊन त्यास निजामावर घातलें. स्वतःचा सुभा घरच्यासारखा चालविणें हा गुण अथवा दोष उभयतांच्या ठायीं सारखाच होता. भेद इतकाच कीं, ऐन प्रसंगीं एकानें दिल्लीची आज्ञा मोडली, दुसऱ्यानें ती पाळली!

परंतु खान निघण्यास उशीर करून बसला. तेवढ्या अवधींत निजाम औरंगाबादेस पोहोंचून सिद्ध झाला. ११ ऑक्टोबर १७२४ रोजीं (जुन्या इंग्रजी गणनेनें ३० सप्टेंबर) खान दोन पुत्रांसह रणांत पडला. ख्वाजा अहमद हा पुत्र गोवळकोंड्याचा किल्ला धरून बसला होता. त्यानेंहि अखेर जहागीर घेऊन तो खालीं केला. ज्या बादशहानें खानास लढण्यास लाविलें, त्यानेंच १७२५ त विजेत्यास आसफजाह हा किताब दिला! निजामाचें राज्य पुढें सप्टेंबर १९४८ पर्यंत चाललें व अखेरीस जालना त्यांतच होतें.

जयानंतर निजामानें साखरखेर्ड्यास फत्तेखेर्डा असें नांव दिलें. लोकांच्या तोंडीं मात्र जुनेंच राहिलें आहे.