साक्षीदार गुलाबी रंगाचा

तीन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका रविवारी माझ्या ठाण्याच्या घरी दोन काचनळ्यांनी एकमेकींविरुद्ध साक्ष दिली. पाणी एकाच टँकमधलं. टँक दोनशे लिटरचा, खाऱ्या पाण्याचा. त्यात क्लाऊनफिशची एक जोडी, म्हणजे पोरांचा निमो आणि त्याची बायको. पाणी तपासायच्या एका किटचं रंगपत्रक म्हणत होतं, नायट्रेट लिटरला 10 मिलिग्रॅम. दुसऱ्याचा रंग 25 आणि 50 यांच्या मध्ये, पण 50 कडे सरकलेला. मी घाबरट माणूस. मोठा आकडा खरा धरला आणि निम्मं पाणी एका दमात बदलून टाकलं. माशांनी दोन दिवस खाण्याला तोंड लावलं नाही.

आठवड्यानंतर पहिल्या किटच्या पत्रकावरचा मुंगीएवढा टाइप भिंगातून वाचला. तो किट नायट्रेट नव्हे, नायट्रेटमधला नायट्रोजन मोजत होता. नायट्रोजनचा अणुभार 14. त्याला तीन ऑक्सिजन जोडले की नायट्रेट होतं, त्याचा भार 62. म्हणून नायट्रोजनच्या आकड्याला 4.43 ने गुणलं की नायट्रेट मिळतं. दहाचे झाले चव्वेचाळीस. दोन्ही नळ्या खरं बोलत होत्या, न्यायाधीशच अडाणी होता.

या गफलतीत मी एकटा नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, अमेरिकेत मर्यादा 10 आहे. आपला कायदा साडेचार पट ढिला, असं वाटावं. प्रत्यक्षात अमेरिकेचा 10 हा नायट्रोजनचा आकडा. गुणाकार केला की दोन्ही मर्यादा जवळपास एकाच जागी येतात.

माझं नशीब बरं, की भांडण नुसतं एककांचं निघालं. एरवी गोष्ट इतकी सोपी नसते, कारण रंग दाखवणारे हे घरगुती किट नायट्रेट पाहतच नाहीत. ते पाहतात नायट्राइट, म्हणजे नायट्रेटचा एक ऑक्सिजन कमी असलेला धाकटा भाऊ.

ही युक्ती एका बिअरच्या कारखान्यातल्या रसायनशास्त्रज्ञाची. जर्मनीत जन्मलेला पीटर ग्रीस 1862 पासून इंग्लंडमधल्या बर्टन-ऑन-ट्रेंटच्या ऑलसॉप ब्रुअरीत नोकरीला होता. त्याआधीच, 1858 मध्ये, त्याने डायझो संयुगं शोधली होती. कापड रंगवणाऱ्या ॲझो रंगांचा सगळा उद्योग पुढे त्यांवर उभा राहिला. 1879 मध्ये त्याने हीच रसायनविद्या उलटी वापरली: रंग बनवायला नायट्राइट लागतं, तर रंग बनला म्हणजे नायट्राइट आहे. जितकं नायट्राइट, तितका गडद गुलाबी. आज पॅथॉलॉजी लॅबमधली लघवी तपासायची पट्टी नायट्राइटचा चौकोन रंगवते, तीही ग्रीसच्याच अभिक्रियेने.

नायट्रेट मात्र या रसायनांना दाद देत नाही. त्याचं आधी नायट्राइट करावं लागतं. प्रयोगशाळेत पाणी तांब्याचा लेप दिलेल्या कॅडमियमच्या नळीतून सोडतात आणि जवळजवळ सगळ्या नायट्रेटचं रूपांतर होतं. कॅडमियम विषारी, म्हणून घरगुती किटमध्ये बहुधा जस्ताची भुकटी असते. खरी गोम इथे आहे. जस्त सगळ्या नायट्रेटचं नायट्राइट करत नाही, काही भागाचंच करतं. तो भाग किती, हे ठरतं तुम्ही किती जोरात हलवलंत, किती सेकंद हलवलंत, पाणी किती उबदार होतं, किती खारट होतं यावर. शिवाय जस्त तिथेच थांबत नाही. जास्त वेळ मिळाला की तयार झालेलं नायट्राइटही पुढे मोडायला लागतं. रंगपत्रक छापणाऱ्याने ठरावीक हलवणं आणि ठरावीक वाट पाहणं गृहीत धरलेलं असतं. म्हणजे पत्रकावर 'एक मिनिट जोरात हलवा' असं लिहिलंय ती शिष्टाचाराची सूचना नव्हे. तुमचं मनगट हाच त्या यंत्राचा अर्धा भाग आहे. मी आता फोनवर टायमर लावतो. पूर्वी मनात साठ मोजायचो, आणि ऑफिसला उशीर झाला की माझे साठ चाळिसातच संपायचे.

द्रवाच्या बाटलीवाल्या किटमध्ये आणखी एक खोड असते. न विरघळणारा भाग बाटलीच्या तळाशी बसतो. बाटली न हलवता थेंब टाकले, तर वरचं नुसतं पाणीच पडतं आणि उत्तर येतं शून्य. असं खोटं शून्य मोठ्या आकड्यापेक्षा घातक, कारण मोठा आकडा आपण तपासून पाहतो, शून्यावर आपण खूश होतो. भुकटीवाल्या किटची आपल्याकडची वैरीण म्हणजे मुंबई-कोकणची हवा. जूनमध्ये डबी दोनदा उघडी राहिली की ऑगस्टमध्ये भुकटीच्या गुठळ्या होतात. दमट जस्तावर ऑक्साइड चढतं, ते मंदावतं आणि रीडिंग हळूहळू खाली सरकतं. टँक सुधारतोय असं वाटतं, बिघडत असतो किट. झाकण लगेच लावणं आणि डबी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डब्यात ठेवणं, याला पर्याय नाही.

मग धाकट्या भावाचं काय? पाण्यात मुळातच नायट्राइट असेल, तर रूपांतराची भानगड न होता ते सगळंच्या सगळं रंग देतं. नायट्रेटचा मात्र थोडाच भाग रंगापर्यंत पोहोचलेला असतो. त्यामुळे चिमूटभर नायट्राइट पत्रकावर मूठभर नायट्रेट होऊन दिसतं. नवा टँक लावला की पहिले काही आठवडे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू जम बसवत असतात. त्या काळात नायट्रेटची चाचणी करणं म्हणजे फोडणीच्या धुरात अत्तराची पारख करणं. खाऱ्या पाण्यातल्या माशांना नायट्राइट फारसं बाधत नाही, कारण पाण्यातलं भरमसाट क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. म्हणून मरीन टँकवाले ते मोजायचा कंटाळा करतात. मासे वाचतात, रीडिंग मरतं.

हा घोळ काही काचेपुरता नाही. आपल्या अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ संपतो. तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वास चालवतात आणि वाटेत नायट्राइट साठतं. खुल्या समुद्रात असं मोठ्या प्रमाणावर घडतं ते जगात तीनच भागांत. दोन पॅसिफिकमध्ये आहेत, तिसरा आपल्या दारात. गोव्यात दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 मध्ये स्थापन झाली आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी या पट्ट्याचा पिच्छा पुरवला आहे. समुद्रशास्त्रातली रूढ पद्धतही कॅडमियम आणि ग्रीसची गुलाबीच. फरक शिस्तीचा. नायट्राइट वेगळं मोजून वजा करायचं आणि ठाऊक प्रमाणाच्या द्रावणावर यंत्र आधी तपासून घ्यायचं.

मग नायट्रेट थेट मोजणारा इलेक्ट्रोड का नाही वापरायचा? गोड्या पाण्यात चालतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 19 ग्रॅम क्लोराइड असतं, त्या गोंगाटात काही मिलिग्रॅम नायट्रेटचा आवाज इलेक्ट्रोडला ऐकूच येत नाही.

राहता राहिला डोळा. टँकवर निळे दिवे असतात, त्यांच्या उजेडात रंग जुळवणं व्यर्थ. खिडकीपाशी, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात पाहावं. आमच्या घरी हे काम मी बायकोकडे दिलंय. मला सगळंच गुलाबी दिसतं. ती म्हणते, "अहो, हा राणी कलर नाही, डाळिंबीकडे चाललाय." साडीच्या दुकानात कमावलेली नजर आहे, माझ्यापेक्षा एक घर अचूक उतरते. रंग पत्रकाच्या शेवटच्या घरांत गेला, तर नजरही फसते. अशा वेळी टँकच्या एका भागात ताजं कालवलेलं खारं पाणी नऊ भाग मिसळून पुन्हा चाचणी करावी आणि उत्तराला दहाने गुणावं.

या सगळ्यावरचा उपाय गोव्याच्या शास्त्रज्ञांचाच: आधी साक्षीदाराची उलटतपासणी. त्यासाठी लागणारा पदार्थ कृषी सेवा केंद्रात मिळतो. द्राक्षवाले ज्याला 'तेरा-शून्य-पंचेचाळीस' म्हणतात ते खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, जुन्या भाषेत सोरा, दिवाळीच्या फटाक्यांच्या दारूतला. तो 1.63 ग्रॅम तोलून एक लिटर आरओच्या पाण्यात विरघळवला की लिटरला 1000 मिलिग्रॅम नायट्रेटचं द्रावण होतं. दोन दशांश स्थळं दाखवणारा छोटा काटा हवा. खत प्रयोगशाळेच्या दर्जाचं नसतं, पाच-सहा टक्के इकडेतिकडे होईल, पण घरगुती किटची चूक त्याहून मोठी असते.

या द्रावणाचे 10 मिलिलिटर सिरिंजने घेऊन ताज्या खाऱ्या पाण्यात मिसळावे आणि एकूण एक लिटर करावं. नायट्रोजन नव्हे, नायट्रेट मोजणाऱ्या किटने 10 दाखवायला हवेत. त्याआधी नुसतं ताजं खारं पाणी तपासावं, तिथे शून्य आलं नाही तर दोष मिठात, आरओच्या पाण्यात किंवा नळाखाली विसळलेल्या नळीत शोधावा. शेवटी टँकचं पाणी एकदा तसंच आणि एकदा त्याच मापाने द्रावण मिसळून तपासावं. दोन उत्तरांत दहाच्या आसपास फरक आला, तर तुमच्या पाण्यात तुमचा किट खरं बोलतो. चारचाच आला, तर एक्स्पायरीची तारीख पुढची असली तरी त्याला निवृत्त करावं. मी प्रत्येक नवा किट उघडल्यावर आणि मग पावसाळा संपल्यावर हे करतो. तासभर जातो.

या खटाटोपातून हाती येतो तो आकडा काही फार नेमका नसतो. 10 आणि 12 यांतला फरक घरगुती किटला कळत नाही आणि क्लाऊनफिशलाही. प्रवाळांच्या समुद्रात पृष्ठभागावर नायट्रेट लिटरला 0.2 मिलिग्रॅमहूनही कमी असतं. तिथवर पोहोचायचा हट्ट आपल्याला परवडत नाही, आणि आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण दिलेले दगडी प्रवाळ घरी ठेवताही येत नाहीत. मला एवढंच कळायला हवं असतं, की गेल्या महिन्यापेक्षा आकडा चढतोय का. त्यासाठी दर वेळी तोच किट, तीच वेळ, तोच उजेड आणि वहीत तारखेसह नोंद पुरते.

एक विनंती. सोऱ्याच्या द्रावणाच्या बाटलीवर ठळक अक्षरांत नाव लिहा आणि खताची पिशवी स्वयंपाकघरापासून लांब, कुलपात ठेवा. ते दाणे हुबेहूब मिठासारखे दिसतात.