मियाटाच्या पोटातली दोन तेलं

मझ्दा एमएक्स-५ ही दोन माणसांची, उघड्या टपाची जपानी गाडी. अमेरिकेत ती मियाटा नावाने विकली गेली आणि शौकिनांच्या तोंडी तेच नाव बसलं. तिच्या वेगाचं कौतुक फारसं कुणी करत नाही. पहिल्या पिढीतलं १.६ लिटरचं इंजिन जेमतेम ११५ अश्वशक्तीचं होतं. कौतुक होतं ते तिच्या गिअरच्या दांड्याचं. नुसतं मनगट हलवलं की गिअर पडतो. दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर उभा आहे. मधे लांब सळया नाहीत, केबल नाही, त्यामुळे आत काय चाललंय ते तळहाताला लगेच कळतं.

आत सगळं ठीक असेल तेव्हा हे सुख आहे. तेल चुकलं तर तेही तितकंच लख्ख कळतं. सकाळी पहिल्यातून दुसरा टाकताना दांडा क्षणभर अडतो, घाई केली तर कर्र आवाज येतो. मग मालक दुकानात जाऊन विचारतो, ‘सगळ्यात चांगलं गिअर ऑइल कुठलं?’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण या गाडीखाली गिअर ऑइलच्या दोन जागा आहेत. पुढे गिअरबॉक्स, त्यात दोन लिटर. मागच्या चाकांच्या मधे डिफरन्शिअल, त्यात पहिल्या १.६च्या गाडीला अवघं ०.६५ लिटर. दोन्हीकडे दातेरी चक्रंच फिरतात, पण त्यांच्या मागण्या एकमेकींच्या उलट आहेत. कुठल्या जागी कुठला धातू कशावर घासतो हे आधी पाहायचं आणि मग डबा उचलायचा, हाच तेल निवडण्याचा खरा मार्ग.

या गाडीची गोष्ट १९७९पासून सुरू होते. बॉब हॉल या अमेरिकी मोटार-पत्रकाराने मझ्दाचे संशोधनप्रमुख केनिची यामामोतो यांच्यापाशी कल्पना मांडली की, जुन्या ब्रिटिश धाटणीची हलकी, स्वस्त, उघडी गाडी तुम्ही करा. फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. प्रकल्पाची धुरा तोशिहिको हिराई यांच्याकडे होती. २०१६मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ तयार झाली. हिराईंच्या चमूने केलेली एक गोष्ट आपल्या विषयाशी जोडलेली आहे. गिअरबॉक्सची शेपटी आणि डिफरन्शिअलचं नाक त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या एका लांब जाळीदार तुळईने घट्ट जोडून टाकलं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की डिफरन्शिअल आपल्या रबरांवर मान वर करत नाही, ताकद थेट चाकांकडे जाते. बाहेरून दोन्ही डबे असे एका हाडाने बांधलेले आहेत, पण आतली तेलं कधी एकमेकांना भेटत नाहीत. हे वेगळेपण हीच या गाडीच्या मालकाची मोठी सोय आहे.

आधी गिअरबॉक्स पाहू. यात सगळ्या गिअरचे दात कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. आपण ‘गिअर टाकतो’ म्हणजे एक सरकती कडी ढकलून हव्या त्या चक्राला शाफ्टशी जखडतो. चक्र एका वेगाने फिरत असतं, शाफ्ट दुसऱ्या. दोघांचे वेग जुळल्याशिवाय कडी आत गेली तर दात दातांवर आपटतात. वेग जुळवण्याचं काम सिंक्रोनायझर रिंग करते. ही पितळी रिंग बांगडीपेक्षा थोडी जाड आणि आतून किंचित निमुळती असते. त्या निमुळत्या भागावर नखाला जाणवतील इतक्या बारीक रेघा कापलेल्या असतात. दांडा ढकलला की रिंग चक्राच्या पोलादी सुळक्यावर दाबली जाते, त्या रेघा मधलं तेल कापून बाजूला सारतात, पितळ पोलादाला पकडतं आणि चक्राचा वेग शाफ्टच्या वेगावर येतो. तोवर रिंगचे छोटे दात कडीची वाट अडवून धरतात. वेग जुळला की वाट मोकळी होते. हे सगळं सेकंदाच्या लहानशा भागात उरकतं.

म्हणजे इथे घर्षण हवं आहे. रिंग हा एक छोटा ब्रेक आहे आणि ब्रेकवर निसरडं तेल कुणी ओतत नाही. तेल फार घसरडं असेल तर रिंग सुळक्यावरून सरकत राहते, वेग जुळायला उशीर होतो आणि दांडा अडतो. तेल फार घट्ट असेल तर रेघांमधून वेळेत बाहेर पडत नाही, आणि परिणाम तोच. थंड मियाटाचा दुसरा गिअर कुरकुरतो, त्यामागे हे घट्टपण मोठं कारण आहे. गाडी दहा-पंधरा मिनिटं पळाली की तोच गिअर लोण्यासारखा पडतो.

आता मागे जाऊ. डिफरन्शिअलमध्ये क्राउन हे मोठं आणि पिनियन हे छोटं दातेरी चक्र असतं. पुढून शाफ्टने आलेली ताकद इथे काटकोनात वळते आणि वेग कमी होतो. १.६च्या गाडीत शाफ्टच्या ४.३ फेऱ्यांना चाकाची एक फेरी. पिनियन क्राउनच्या मध्यरेषेवर नसून बराच खाली बसवलेला असतो. या रचनेला हायपॉइड म्हणतात. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या ग्लीसन वर्क्सने १९२०च्या दशकात असे गिअर कापण्याची पद्धत बसवली आणि पॅकार्ड कंपनीने ते आपल्या मोटारींत घातले. पिनियन खाली गेल्यामुळे मधला शाफ्ट खाली गेला, त्यामुळे गाडीची फरशी खाली आली, आणि गिअरचा आवाजही कमी झाला.

या फायद्याची किंमत तेलाला मोजावी लागते. साध्या गिअरमध्ये दात दातावर बराचसा लोळतो. हायपॉइडमध्ये तो लोळता लोळता लांबीच्या दिशेने घासतोही, आणि तेही प्रचंड दाबाखाली. तेलाचा पातळ थर त्या दाबात फाटतो आणि पोलाद पोलादाला भिडतं. दोन उंचवटे क्षणभर वितळून चिकटतात, मग तुटतात, आणि दातावर ओरखडा उठतो. हे टाळायला तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. जिथे धातू घासून तापतो, नेमकं तिथेच गंधक लोखंडाशी रासायनिक संयोग करतं आणि पापुद्र्यासारखा एक मऊ थर तयार होतो. पुढच्या वेळी पोलादाऐवजी तो थर झिजतो आणि पुन्हा तयार होतो. गिअर ऑइलचा डबा उघडल्यावर नाकात शिरणारा तो उग्र दर्प याच गंधकाचा. एकदा कपड्याला लागला की दोन धुण्यांत जात नाही.

गोची इथे आहे. पोलादाला वाचवणारं हेच गंधक तांब्यालाही सोडत नाही, आणि पितळात तांबंच जास्त. म्हणून तेलाच्या चाचण्यांत तांब्याची चकचकीत पट्टी गरम तेलात काही तास बुडवून ठेवतात आणि ती किती काळवंडली ते ठरलेल्या रंगांशी ताडून पाहतात. शिवाय दातांना निसरडं ठेवणारी जी रसायनं असतात, तीच रिंगची पकड सैल करतात.

डब्यावरच्या जीएल-४ आणि जीएल-५ या अक्षरांचा अर्थ इथून लागतो. हे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे, म्हणजे एपीआयचे वर्ग. जीएल-५ हे जड भाराच्या हायपॉइडसाठी. त्याची परीक्षा खऱ्या अ‍ॅक्सलवर भार आणि झटके देऊन घेतात. जीएल-४मध्ये दाब सोसणाऱ्या रसायनांचं प्रमाण साधारण निम्मं असतं. पाच हा आकडा चारपेक्षा मोठा, म्हणून तेल वरच्या दर्जाचं, असं समजून लोक जीएल-५ घेतात. हे आकडे दर्जाचे नाहीत, कामाचे आहेत. काही डब्यांवर जीएल-४/५ असं छापलेलं दिसतं. असा एकत्र वर्ग एपीआयच्या यादीत नाही. तो तेल करणाऱ्याचा स्वतःचा दावा असतो, आणि तो तपासूनच घ्यावा.

दुसऱ्या टोकालाही अतिरेक आहे. जीएल-५ घातलं की पितळी रिंगा विरघळल्याच, असं ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात. जुन्या मियाटाच्या मालकपुस्तिकेत गिअरबॉक्ससाठी जीएल-४ किंवा जीएल-५, दोन्ही चालतील असं छापलेलं आहे. आजच्या अनेक जीएल-५ तेलांत तांब्याचं रक्षण करणारी द्रव्यंही असतात. तेव्हा चुकून जीएल-५ पडलं तर गाडी रात्रीतून बिघडत नाही. पण दांड्याची चव जाते, आणि ही गाडी लोक त्या चवीसाठीच घेतात. उलट डिफरन्शिअलमध्ये जीएल-४ घालणं ही खरी घातक चूक. तिथे पुस्तिका एकच वर्ग सांगते, जीएल-५. कमी पडलेलं तेल तिथे दाताच्या पृष्ठभागावर कायमची खूण ठेवतं, मग ठरावीक वेगाला घुमण्याचा आवाज सुरू होतो, आणि तो आवाज नव्या तेलाने जात नाही. दोन चुका दिसायला सारख्या असल्या तरी एकीची दुरुस्ती तेल बदलून होते, दुसरीसाठी क्राउन-पिनियनची जोडी बदलावी लागते.

आता जाडीचे आकडे. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये ‘नव्वद नंबर’ मागितलं की गिअर ऑइल हातात पडतं आणि ट्रकवाल्यांना ‘एकशे चाळीस’ माहीत असतं. नव्वद ऐकून हे इंजिन ऑइलपेक्षा दुपटीने घट्ट असेल असं वाटतं. मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. १०० अंश सेल्सिअसला ९० नंबरचं गिअर ऑइल १३.५ ते १८.५ सेंटीस्टोकच्या दरम्यान असतं. इंजिनचं ४० नंबर १२.५ ते १६.३च्या दरम्यान. म्हणजे तापल्यावर दोघं शेजारी-शेजारीच. ७५डब्ल्यू-९० मधला पहिला आकडा थंडीचा. ७५डब्ल्यूची परीक्षा उणे ४० अंशांना होते, ८०डब्ल्यूची उणे २६ला. मियाटाची पुस्तिका गिअरबॉक्सला बारमाही ७५डब्ल्यू-९० सांगते आणि हवा दहा अंशांच्या वर असेल तर ८०डब्ल्यू-९० चालवून घेते. मिशिगनच्या हिवाळ्यात हा फरक मोठा आहे. तरी माझं मत असं की, उष्ण हवेतही गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू-९०च घालावं. सकाळी सुरू केलेल्या गाडीतलं तेल थंडच असतं आणि रिंगच्या रेघांतून लवकर निघून जाणारं तेल हवंच असतं. सिंथेटिक जीएल-४ इथे आपले पैसे वसूल करून देतं. रेड लाइन कंपनीचं एमटी-९० तेल मियाटावाल्यांत इतकं चालतं, ते याच कारणाने.

प्रत्येक गाडीला हा हिशेब असाच लागू होत नाही. होंडा एस२०००च्या गिअरबॉक्सला कंपनीचं पातळ खास तेल लागतं आणि मागे जीएल-५. अनेक जुन्या बीएमडब्ल्यूंच्या हाताच्या गिअरबॉक्समध्ये चक्क ऑटोमॅटिकचं तेल असतं आणि गिअरबॉक्सवर तसं लेबल चिकटवलेलं असतं. पोर्श ९११मध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल एकाच डब्यात असल्यामुळे तेल एकच. १९७२ ते १९८६ या काळातल्या तिच्या ९१५ गिअरबॉक्सच्या सिंक्रो रिंगा पोलादी होत्या, पोर्शच्या स्वतःच्या घडणीच्या, आणि तिथे जीएल-५च सांगितलेलं असे. मियाटाचा जीएल-४चा नियम तिला लावला तर चूक होईल. आपल्या शहरांतल्या बहुतेक मोटारी पुढच्या चाकांवर चालतात. त्यांच्यात इंजिन आडवं असतं, ताकद काटकोनात वळवावी लागत नाही, म्हणून हायपॉइड नसतो आणि एकच सौम्य तेल सगळं सांभाळतं. म्हणूनच हा प्रश्न त्यांच्या मालकांना कधी पडत नाही. जीप आणि ट्रक चालवणाऱ्याला मात्र मागची ‘हाउसिंग’ चांगली ठाऊक असते.

डिफरन्शिअलचं तेल घेताना आणखी एक पाहावं लागतं. आत लिमिटेड स्लिप, म्हणजे एकच चाक उगाच गरगरू न देणारी रचना, आहे का, आणि असेल तर कुठल्या जातीचं? १९९४मध्ये १.८चं इंजिन आलं तेव्हा मोठं डिफरन्शिअल आलं, तेल एक लिटर झालं आणि टॉर्सन जातीच्या लिमिटेड स्लिपचा पर्याय मिळाला. टॉर्सन नुसत्या दातांच्या बळावर चालतं, त्याला साधं जीएल-५ पुरतं. पण शर्यतीच्या नादात कुणी चकत्यांचं डिफरन्शिअल बसवलं असेल, तर त्या चकत्यांसाठी घर्षण सुधारणारं द्रव्य असलेलं तेलच हवं. नाहीतर वळणावर मागून धडधड ऐकू येते. जुनी गाडी घेताना हे विकणाऱ्याला विचारून घ्यावं.

तेल बदलायचं तर गाडी थोडी फिरवून आणावी, सपाट उभी करावी, आणि खालचं बूच सोडवण्याआधी भरायचं वरचं बूच सैल होतंय याची खात्री करावी. ते गंजून बसलं असेल आणि तेल आधीच सांडून बसलात, तर गाडी जागेवर अडकली. काढलेलं तेल लगेच फेकू नये. एका पांढऱ्या ताटलीत घेऊन उन्हात धरावं. बुचाच्या चुंबकावर राखाडी, मऊ लेप असणारच. तेलात सोनेरी चमचम तरंगत असेल तर ते सिंक्रो रिंगचं पितळ आहे आणि ती रिंग दर गिअरला थोडी थोडी संपते आहे. बोटांना टोचणारे तुकडे सापडले तर नवं तेल घालण्यात अर्थ नाही, डबा उघडायला हवा. भरताना तेल भोकाच्या काठाशी येऊन बाहेर ओघळलं की थांबावं.

पाच गिअरच्या मियाटात तेलाची एक छोटी जागा आणखी आहे आणि तिचा विसर बहुतेकांना पडतो. दांड्याच्या मुळाशी एक वाटीवजा कप्पा असतो. त्यात दांड्याचा गोळा तेलात बुडालेला असतो. खालचं रबरी बूट फाटलं आणि हे तेल आटलं की गोळा कोरडा पडतो, दांडा खडखडतो आणि केबिनमध्ये खालून गरम हवा येऊ लागते. यासाठी गाडीखाली जावं लागत नाही. कन्सोल काढून बोल्ट सोडवले की दांडा वर निघतो. जुनं काळं तेल सिरिंजने ओढून घ्यायचं, फाटकं बूट बदलायचं, आणि गिअरबॉक्समध्ये जे घातलं तेच ऐंशी-नव्वद मिलिलिटर या वाटीत ओतायचं.