भूल आणि शुद्ध

बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरणारा राजूरचा घाट मी गेल्या तीस वर्षांत दिवसा जितक्या वेळा पाहिला असेल, त्याहून अधिक वेळा रात्री पाहिला आहे. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्याचे लोकांनी घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग केव्हाच पाडले आहेत. चिखली, मेहकर, लोणार वर राहिले, मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद खाली गेले, आणि वरची गार हवा अंगावर घेऊन निघालेला मनुष्य घाट संपता संपता पूर्णेच्या सपाटीवरील उकाड्यात येऊन पडतो. खाली कोठे तरी एखादी बाई अडली आहे, शल्यचिकित्सक हात धुऊन उभा आहे, रक्ताची पिशवी आली आहे, परंतु भूल देणारा कोणी नाही म्हणून गाडीचे तोंड अकोल्याकडे वळवावे की काय, या विवंचनेत सारे थांबले आहेत, असा निरोप आला म्हणजे मी माझी पेटी उचलतो. सरकारने एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांना अठरा आठवड्यांचे भुलीचे शिक्षण देऊन ही उणीव भरून काढण्याचा उपक्रम केला, आणि त्याने पुष्कळ बाळंतिणी वाचल्या हेही खरे. तथापि रात्री दोन वाजता असा शिकलेला मनुष्य प्रत्येक ठिकाणी हजर असतोच असे नाही. पेटीत लॅरिंगोस्कोप, लहानमोठ्या नळ्या, औषधांच्या काचेच्या कुप्या, हाताने दाबायची अंबू बॅग, आणि विजेच्या कारभारावर माझा पूर्ण भरवसा नसल्यामुळे एक बॅटरी, एवढा सरंजाम असतो.

लोक मला ‘भुलीचे डॉक्टर’ म्हणतात. बधिरीकरणतज्ज्ञ, संज्ञाहरणतज्ज्ञ अशी भारदस्त नावे दाराच्या पाटीवर शोभतात, पण ती पाटीवरच राहतात. मराठीत ‘भूल’ या एकाच शब्दात मोहिनी आहे, विस्मरण आहे आणि चूकही आहे. या तिन्ही अर्थांशी आपला व्यवहार आहे हे मला धंद्यात पडल्यावर बऱ्याच उशिरा उमगले. आरंभी मी समजत असे की आपले काम औषधांचे. परंतु औषधे मुंबईला जी, तीच मलकापूरला. यंत्रे थोडी जुनी असतील, एवढेच. या मुलखात जे निराळे आहे ते भूल देण्यापूर्वी विचारायचे प्रश्न होत, आणि माझी सारी विद्या त्या प्रश्नांच्या उत्तरांवर उभी असते.

पहिला प्रश्न नावाचा. “नाव सांगा, बाबा,” असे म्हटले की येथला शेतकरी नुसते नाव सांगून थांबत नाही. स्वतःचे, बापाचे, आडनाव, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, असा साद्यंत मजकूर तो तलाठ्यापुढे उभे राहिल्यासारखा सांगतो. दुसरा प्रश्न खाण्याचा, आणि येथे खरी कसोटी लागते. भूल चढली की गिळण्याची आणि खोकण्याची उपजत क्रिया लोपते. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन श्वासनलिकेत उतरते, आणि जठरातल्या आम्लाने भिजलेले फुप्फुस सहसा क्षमा करीत नाही. म्हणून निदान सहा तास अन्न आणि दोन तास पाणी वर्ज्य.

“आजी, सकाळपासून काय खाल्लं?”

“काहीच नाही, डॉक्टरसाहेब. आज उपासच हाये.”

या उत्तराने निर्धास्त होणारा भूलतज्ज्ञ वऱ्हाडात नवा समजावा. कारण उपाशी असणे आणि उपास असणे यांत साबुदाण्याच्या उसळीचे आणि दाण्याच्या लाडवाचे अंतर आहे. चहा तर येथे खाण्यातही मोडत नाही आणि पिण्यातही. त्याचे नाव घेऊन, त्यात दूध होते का, आणि सोबत टोस्ट होता का, हे स्वतंत्रपणे विचारावे लागते. शिवाय घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीला रिकाम्या पोटी मनुष्य शस्त्राखाली पाठवणे हा अधर्म वाटतो आणि ती वॉर्डातल्या सर्वांची नजर चुकवून भाकरीचा तुकडा भरवते. तिला मी अडाणी म्हणत नाही, कारण सुश्रुताने शस्त्रकर्मापूर्वी रोग्याला जेवू घालावे, म्हणजे तो मूर्च्छित होणार नाही, आणि मद्य पिणाऱ्यास तीक्ष्ण मद्य पाजावे, म्हणजे त्याला शस्त्र जाणवणार नाही, असे सांगून ठेवले आहे. त्या काळी मनुष्य आपल्या खोकल्यानिशी शस्त्राखाली जात असे. आम्ही त्याचा खोकला काढून घेतो, म्हणून जेवणही काढून घ्यावे लागते.

त्यानंतर प्रश्नाऐवजी आज्ञा येते: तोंड उघडा, जीभ बाहेर काढा. मूळचे आंध्रचे आणि बॉस्टनला स्थायिक झालेले भूलतज्ज्ञ शेषगिरी मल्लमपती यांनी 1985 साली, उघड्या तोंडात पडजीभ आणि तिच्या बाजूच्या कमानी कितपत दिसतात यावरून श्वासनलिकेत नळी घालणे सुकर जाईल की दुष्कर, याचे अनुमान बांधण्याची रीत प्रसिद्ध केली. ती आज साऱ्या जगात त्यांच्याच नावाने चालते. आमच्याकडे मात्र पुष्कळदा पडजिभेपर्यंत दृष्टी जाण्याचा प्रसंगच येत नाही. गुटख्याला राज्यात 2012 पासून मनाई आहे. ती मनाई कागदावर किती आणि पानठेल्यावर किती, हे मला तोंड उघडायला सांगितल्याबरोबर कळते. सुपारीने गालांचे अस्तर तंतुमय होऊन ताठरते आणि पंचविशीतल्या धडधाकट तरुणाच्या दातांमध्ये त्याचीच दोन बोटे मावत नाहीत. अशा माणसाला झोपवून मग नळी घालू म्हणणे म्हणजे आतून कडी लागलेल्या घराला आग लावून मग दार शोधणे होय.

प्रसूतीच्या शस्त्रक्रियेसाठी, म्हणजे लोकांच्या भाषेत सिझरसाठी, बहुधा पाठीतली भूल देतात. बाईला टेबलावर बसवायचे, पाय खाली सोडायचे, आणि नऊ महिन्यांचे पोट मध्ये असताना पाठीला बाक द्यायला सांगायचे. कळा चालू असताना हे सांगणे निर्दयपणाचे वाटते. पण समोर उभी राहून खांदे धरणारी सिस्टर “माय, हनुवटी छातीला लाव, मी हाय ना,” असे म्हणते, आणि ती बाई एका अनोळखी स्त्रीच्या खांद्यावर कपाळ टेकून निश्चल होते. कमरेच्या दोन्ही हाडांच्या माथ्यांना जोडणारी कल्पित रेषा कमरेच्या चौथ्या मणक्याजवळून जाते. तिच्यावर अंगठा ठेवून मी दोन मणक्यांमधली खाच चाचपतो आणि अर्ध्या मिलिमीटर जाडीची सुई आत नेऊ लागतो. त्वचेमागून स्नायुबंध, त्यामागून पीतबंध. तो ओलांडताना बोटाला जो सूक्ष्म ‘टप्’ जाणवतो, तो ग्रंथ वाचून कोणालाही समजलेला नाही. सुईच्या मुखाशी मेरुद्रवाचा नितळ थेंब उभा राहतो. त्या थेंबाची वाट पाहताना मी अजूनही श्वास रोखतो. मग सुमारे दोन मिलिलिटर बुपिव्हाकेन सावकाश आत जाते. ते शर्करेने मुद्दाम जड केलेले असते, यासाठी की टेबलाला दिलेल्या कलाप्रमाणे ते कोठवर पसरावे हे आपल्याला ठरवता यावे.

“पाय गरम झाले का?” “झाले.” “आता?” “जड झाले.” आणि थोड्या वेळाने ती आपण होऊन विचारते, “माझे पाय कुठं हायेत?” इथपर्यंत सारे ठीक, परंतु ज्या औषधाने वेदना थांबते त्यानेच रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब खाली येतो. दंडावरचा पट्टा आवळून, सैल होऊन, पडद्यावर आकडा उमटण्यास जो अवधी लागतो, त्याच्या आतच ती बाई कपाळाला आठ्या घालून म्हणते, “कसंतरी होतंय.” या शब्दाइतके तत्पर यंत्र माझ्या पाहण्यात नाही. तो ऐकताच उजव्या कुशीखालची कापडाची घडी नीट करून गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवरून डावीकडे हटवायचा, सलाईनची धार मोकळी करायची, रक्तदाब चढवणारे औषध द्यायचे. हे सारे आकडा दिसण्यापूर्वी झालेले असले म्हणजे आकडा दिसतो तेव्हा तो बहुधा सावरलेला असतो. ‘पाठीत सुई घेतली की जन्माची कंबर जाते’ हा समज मी घालवू शकलो नाही. सुई न घेतलेल्या बाळंतिणींचीही कंबर दुखते, हे सांगून पाहिले, पण त्यांच्याजवळ दोष देण्यास सुई नसते, एवढाच फरक पडतो.

पूर्ण भूल ही याहून गंभीर गोष्ट, आणि तिचा इतिहासही वादाचा. 16 ऑक्टोबर 1846 रोजी बॉस्टनला ईथरचा यशस्वी प्रयोग जाहीरपणे झाला. पुढच्या मार्चच्या 22 तारखेस तो कलकत्त्यास पोहोचला. क्लोरोफॉर्म त्यामागून आले आणि माणसे टेबलावर दगावू लागली, तेव्हा आधी श्वास थांबतो की हृदय, हे ठरवण्यासाठी निजामाच्या आश्रयाने हैदराबादेस 1888 आणि 1889 साली दोन चौकशी मंडळे बसली. वऱ्हाड तेव्हा इंग्रजांच्या अंमलात असले तरी नावाने निजामाचेच होते, म्हणजे हा वाद एका परीने आमच्याच राजधानीत झाला. रूपाबाई फर्दुनजी या भूल देणाऱ्या आद्य स्त्री डॉक्टरांपैकी एक त्या प्रयोगांत सहभागी होत्या. मंडळाचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांचा निष्कर्ष असा की श्वासावर लक्ष ठेवा, नाडीची चिंता करू नका. पुढे 1911 साली लेव्ही यांनी दाखवून दिले की अर्धवट चढलेल्या क्लोरोफॉर्मने हृदय अकस्मात फडफडून थांबू शकते, म्हणजे निष्कर्ष अर्धाच खरा होता. मी शिकत असताना ईथरचा वास अजून थिएटरच्या भिंतींना होता, आणि गुरुजींनी मला दोन्ही पक्षांचा वारसा दिला: एक हात जबड्याखाली श्वासावर, दुसरा कानशिलाजवळच्या नाडीवर. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आणि रक्तातला प्राणवायू घटला की त्याचा सूर उतरू लागला; तरी माझे हात जागा सोडत नाहीत.

ज्या रात्रीमुळे मी हे लिहीत आहे ती भाद्रपदातली. घाटाखालच्या एका गावी आतड्याला छिद्र पडलेला तरुण टेबलावर होता. पोट फुगलेले, तेव्हा नळी त्वरेने जाणे आवश्यक. यासाठी स्कोलिन नावाचे औषध आहे, जे मिनिटभरात सारे स्नायू लुळे करते आणि पाच-दहा मिनिटांत आपोआप उतरते. ते उतरावे, मग लांब मुदतीचे औषध द्यावे, असा क्रम. नळी सुरळीत गेली. दहा मिनिटे झाली, वीस झाली, शस्त्रक्रिया संपून पोट शिवले, तरी त्याची पापणीसुद्धा हलेना. बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या भावाला मी विचारले, आणि जे आधी विचारावयास हवे होते ते तेव्हा विचारले. तो म्हणाला, “पंधरा दिवसांपासून कपाशीवर फवारणीच सुरू हाये जी. पाठीवरचा पंप गळते.”

स्कोलिन शरीरात ज्या विकराने विघटित होते, तोच विकर ऑरगॅनोफॉस्फरस जातीचे कीटकनाशक निकामी करते. रोज थोडे थोडे अंगावर गळलेले विष त्याच्या रक्तातून माझ्या औषधाची उतरण्याची वाट बंद करून बसले होते. खाल्ले काय हे विचारण्यात मी निष्णात झालो होतो. अंगावर काय सांडले हे विचारले नव्हते. आता उपाय एकच, वाट पाहणे. स्कोलिन हालचाल थांबवते, जाणीव थांबवत नाही. म्हणून त्याला झोपेत ठेवण्याचे औषध बेताबेताने देत, एका हाताने बॅग दाबत मी पहाटेपर्यंत त्याचा श्वास चालवला. ऑक्सिजनचे काळ्या अंगाचे, पांढऱ्या खांद्याचे सिलिंडर एकदा बदलले, दोनदा वीज गेली, आणि बॅग दाबण्याची लय मोडू नये म्हणून वॉर्डबॉयने जनित्र सुरू होईपर्यंत बॅटरी त्याच्या छातीवर धरून ठेवली. चारच्या सुमारास त्याच्या कंठाजवळची खाच प्रथम किंचित आत ओढली गेली. मी बॅग सोडली. छाती उठली, माझ्यावाचून उठली, आणि पुन्हा उठली. त्यानंतरही पुरा एक तास, हाताची पकड घट्ट होईपर्यंत आणि मान उशीवरून वर उचलेपर्यंत, मी नळी काढली नाही.

माझ्या छापील कागदावर खाण्याच्या रकान्याखाली तेव्हापासून शाईने एक ओळ लिहिलेली असते, ‘फवारणी केव्हा?’, नवे कागद छापून आले तरी ती मी हातानेच लिहितो. आणि पहिला प्रश्न अखेरीस पुन्हा विचारण्याची माझी सवय त्या पहाटेपासून अधिकच पक्की झाली. नळी निघाल्यावर त्याच्या कानाशी वाकून मी म्हटले, “नाव सांग, भाऊ.” ओठ कोरडे, आवाज घोगरा, त्याने नाव सांगितले. ऑक्सिमीटरचा सूर ठीक होता, नाडी ठीक होती, तेवढ्यावर मी समाधान मानले असते. पण थोडे थांबून, डोळे मिटलेलेच ठेवून, तो पुढे बोलू लागला: बापाचे नाव, आडनाव, मुक्काम पोस्ट, तालुका जळगाव जामोद, जिल्हा बुलढाणा.