गणिताची पदवी आणि शाळेचा फळा

बारावीचा निकाल लागून प्रवेशाची मुदत जाहीर झाली, की कारखान्यांच्या पट्ट्यातल्या संत तुकाराम नगरात, जेथे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि वल्लभनगरचे एस.टी. आगार यांच्या गजबजाटातच महाविद्यालयेही उभी आहेत तेथे, दाखल्यांच्या झेरॉक्स प्रती घेऊन खिडकीपाशी तिष्ठणाऱ्या पालकांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : ‘इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही, म्हणून बी.एस्सी.ला टाकलं.’ ज्या पट्ट्याने पिढ्यान्‌पिढ्या कारखान्यांच्या भोंग्यावर घड्याळे लावली, तेथे गणिताची पदवी म्हणजे अभियांत्रिकी हुकलेल्यांची धर्मशाळा, असा समज रूढ व्हावा, हे स्वाभाविक असले तरी यथार्थ नाही.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी गणित साधन म्हणून शिकतो. कोणते सूत्र कोठे लावावयाचे, हा त्याचा मुख्य प्रश्न. गणिताच्या पदवीत प्रश्नच बदलतो. प्रारंभी कलनशास्त्र व बीजगणित आणि पुढे वास्तव विश्लेषण, रेषीय बीजगणित, गट-सिद्धांत असे विषय येत असता प्रश्नपत्रिकेतील ‘सोडवा’ हळूहळू मागे पडते आणि ‘सिद्ध करा’ पुढे येते. म्हणून पदवीचे गणित म्हणजे शाळेचेच गणित, केवळ आकडे मोठे, हा दुसरा समजही टिकत नाही. ऋण गुणिले ऋण धन, हा नियम आपण सर्वांनी हुकूम म्हणून पाठ केला. त्याची उपपत्ती दोन ओळींची आहे : −१ ला (१ + (−१)) ने, म्हणजेच शून्याने, गुणले तर उत्तर शून्यच यावयास हवे, कंस सोडविताच पहिले पद −१ मिळते, आणि बेरीज शून्य राहावयाची तर दुसऱ्या पदास, म्हणजे (−१)×(−१) ला, +१ होण्यावाचून गत्यंतर उरत नाही. हुकुमामागील हे कारण विचारण्याची सवय पदवीच्या वर्गात लागते.

‘शाळेतच शिकवायचंय ना, मग दहावीचं गणित पक्कं असलं की झालं,’ हा शिक्षक होऊ पाहणाऱ्यांचा तिसरा समज सर्वांत चिवट, आणि माझ्या मते सर्वांत घातकही. पावणेदोन भागिले अर्धा, हा साधा भागाकार घ्या. ‘उलटा करून गुणा’ म्हटले की साडेतीन येतात. आता यावर मुलांस उमजेल असे एक शाब्दिक उदाहरण रचा, असे सांगितले, तर भलेभले ‘पावणेदोन भाकरी दोघांत वाटल्या’ असे लिहून मोकळे होतात. परंतु तो अर्ध्याने नव्हे, दोनाने भागाकार झाला. पावणेदोन लिटर दुधातून अर्ध्या लिटरच्या पिशव्या किती भरतील, हे खरे उदाहरण. (पावकी, निमकी, दिडकी घोकून घेणाऱ्या पंतोजींचे विद्यार्थी उत्तर झटकन देत, ‘का’ विचारण्याची मात्र तेथे प्राज्ञा नव्हती.) गणित-शिक्षणाच्या संशोधक लिपिंग मा यांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाच भागाकार २३ अमेरिकी आणि ७२ चिनी प्राथमिक शिक्षकांपुढे ठेविला होता. चिनी शिक्षकांपैकी सर्वांचे उत्तर बरोबर आले, अमेरिकी शिक्षकांपैकी निम्म्यांचेही नाही.

गंमत अशी, की ते चिनी शिक्षक बहुतांशी पदवीधर नव्हते, आणि अमेरिकी शिक्षक होते. तेव्हा ‘पदवी मिळाली की अध्यापन आपोआप साधते’ हा उलट दिशेचा समजही येथेच निकालात निघतो. फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने १९०८ साली याच दुखण्याचे निदान केले होते : विद्यार्थी विद्यापीठात येताच शाळेच्या गणितापासून तुटतो, आणि शिक्षक होऊन शाळेत परतताच विद्यापीठाचे गणित मागे टाकतो. हे दोन्ही खंड सांधावयाचे, तर गट-सिद्धांत शिकविणाऱ्यानेच केव्हातरी थांबून, समीकरणाच्या दोन्ही बाजूंतून समान पद वजा करण्याचा सातवीतला परवाना गटाच्या नियमांतूनच मिळतो, हे दाखवावयास हवे. ते सहसा घडत नाही. ‘पोर्शन’ पुरा करण्याची घाई सर्वांनाच.

राहिला ‘पदवी झाली की शाळेत नोकरी’ हा समज. डेक्कन कॉलेजातून गणितात पदवी घेतलेले टिळक १८८० साली स्थापन झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये गणित शिकवू लागले, तेव्हा त्यांस कोणी शिक्षक पात्रता परीक्षेचे (टी.ई.टी.चे) प्रमाणपत्र मागितले नाही. आज केवळ बी.एस्सी. पुरेशी नाही. माध्यमिक शाळेसाठी बी.एड. लागते, आणि ते २०१५ पासून एक नव्हे, दोन वर्षांचे आहे. सहावी ते आठवीसाठी त्यासोबत शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो. ‘बी.एड. आहे, म्हणजे पहिलीपासून कुठेही चालेल,’ हेही आता खरे नाही : पहिली ते पाचवीसाठी बी.एड.धारकांस पात्र ठरविणारी २०१८ ची अधिसूचना ग्राह्य नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला. लहान मुलांना आकडेमोड शिकविण्याची ज्यास खरोखर आवड असेल, त्याने डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेचा अर्ज भरावा, आणि गणिताची पदवीही जरूर घ्यावी. कायदा ती मागत नसला, तरी पावणेदोन लिटर दुधाच्या उदाहरणाला तिचा उपयोग होतो.